टाकीत आज कुठलं पाणी?

नव्या प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे रोपं लावलेल्या माशांच्या काचपेटीत, अ‍ॅक्वासॉइल घातलं की पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया येणारच. मातीच्या त्या काळ्या गोळ्यांत रोपांसाठी नायट्रोजन भरलेला असतो. गोळ्या भिजल्या की त्यातला बराचसा अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. त्यामुळे अमोनियाच्या किटच्या टेस्ट ट्यूबमध्ये गर्द हिरवा रंग, म्हणजे भरपूर अमोनिया, आला म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र त्या हिरव्याचा अर्थ लावताना शेजारी पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा, आकडा लागतोच, आणि आमच्याकडे पीएचचा आकडा इमारतीच्या टाकीत त्या दिवशी कुठलं पाणी आहे यावर ठरतो.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ धायरीत राहतो. खडकवासल्याचं धरण त्याच रस्त्यावर पुढे आहे, तरी सोसायटीच्या टाकीत कधी कॉर्पोरेशनचं पाणी असतं, कधी टँकरचं, कधी बोअरचं आणि बहुतेक वेळा तिन्हीची खिचडी. घरात वापरताना फरक फारतर साबणाच्या फेसात कळतो. टँकला तो लगेच कळतो. मी मोजलं तेव्हा निव्वळ कॉर्पोरेशनच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शंभरच्या आतबाहेर, केएच, म्हणजे आम्ल झेलणारी कार्बोनेटं, दोन-अडीच आणि पीएच सातच्या जरा वर होता. टँकरच्या पाण्याचा टीडीएस सहाशेच्या घरात, केएच दहाच्या पुढे आणि पीएच आठला टेकलेला. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पावसाचं पाणी आणि बेसॉल्टच्या भेगांतून मुरून आलेलं पाणी, एवढाच काय तो फरक.

टँक दोन फुटी. सॉइल, दगड आणि लाकूड वजा करता पाणी साधारण ५५ लिटर. दिव्याला टायमर लावला, तो बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला. दिवा रोज सहाच तास ठेवला, कारण अमोनिया आणि भरपूर उजेड एकत्र आले की शेवाळाची चंगळ होते. हिवाळा तोंडावर होता आणि रात्री पाणी वीस-एकवीस अंशांवर उतरायचं. गारठ्यात अमोनिया खाणारे बॅक्टेरिया रेंगाळतात म्हणून हीटर २७ वर ठेवला. मासे नाहीत, फक्त रोपं. रोपांबरोबर न सांगता आलेल्या बारीक गोगलगायी मात्र होत्या, आणि पुढे त्यांनी बरंच काही शिकवलं.

किटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. पट्ट्यांची किट स्वस्त असतात, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाची चौकटच नसते. मी एपीआय कंपनीचं थेंबांचं किट घेतलं. ट्यूबमध्ये ५ मिलीच्या रेघेपर्यंत टँकचं पाणी, पहिल्या बाटलीतले ८ थेंब, दुसऱ्या बाटलीतले ८ थेंब, झाकण लावून हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. बाटली अगदी उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात आणि रीडिंग चुकतं. झाकणाऐवजी अंगठा लावायचा नाही. रंग बघायचा तो दिवसाउजेडी, पांढऱ्या कार्डावर ट्यूब टेकवून. आमच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली शून्यसुद्धा ०.२५ वाटतो, म्हणून मी ट्यूब घेऊन बाल्कनीत जायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी एकदा विचारलंच, "रोज कसली तपासणी चालते गं?"

पीएचची बाटली एक पुरत नाही. साधी ६.० ते ७.६ एवढंच दाखवते, वरच्या आकड्यांची वेगळी ७.४ पासून ८.८ पर्यंत. साधीत एकदा पिवळा आला की पीएच ६ असेल किंवा ५.५, पिवळा तो पिवळाच.

आता मुद्द्याचं. किट जो अमोनिया दाखवतं तो दोन गोष्टींची बेरीज असते: एक मोकळा अमोनिया, जो माशांचे कल्ले जाळतो, आणि दुसरा अमोनियम आयन, जो त्या मानाने बराच निरुपद्रवी. दोघांतलं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ६ असेल तर एकूण अमोनियातला मोकळा भाग ०.०६ टक्क्यांच्या आसपास असतो. पीएच ७ ला तो अर्ध्या टक्क्याच्या जरा वर आणि पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. पीएचचा एक अंक चढला की विष जवळजवळ दहापट. बहुतेक माशांसाठी मोकळा अमोनिया ०.०२ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) पुढे गेला की काळजीचं कारण मानतात.

दुसऱ्या आठवड्यात माझा आकडा ४ पीपीएमवर जाऊन तिथेच अडून बसला. नायट्राइट, म्हणजे बॅक्टेरियांनी अमोनिया खाल्ल्याची खूण, जेमतेम जांभळट. पीएच पिवळा, म्हणजे ६ किंवा त्याहून खाली. दुकानातल्या काकांचं म्हणणं, "निम्मं पाणी बदला, अमोनिया निम्मा होईल." गणित बरोबर होतं. पण अमोनिया किती आहे यापेक्षा तो खाल्ला का जात नाही, हे मला कळून घ्यायचं होतं.

कारण केएचमध्ये सापडलं. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजेच केएच, खातं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. कॉर्पोरेशनच्या पाण्यातला अडीच केएच म्हणजे लिटरला साधारण ४५ मिलिग्रॅम. सहा-साडेसहा पीपीएममध्ये तो साफ. शिवाय अ‍ॅक्वासॉइल स्वतःही केएच शोषून घेतं, कारण मऊ आम्लधर्मी पाण्यासाठीच ते बनवलेलं असतं. केएच संपला की पीएच घसरतो आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की बॅक्टेरियांचं हे काम, म्हणजे नायट्रिफिकेशन, मंदावत जातं. माझ्या टँकमध्ये अमोनिया भरपूर होता, तो अमोनियमच्या रूपात शांत पडून होता आणि त्याला खाणाऱ्यांना आम्लाने गप्प बसवलं होतं.

उपाय नेमका गुरुवारी मिळाला. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर तो बहुतेक वेळा गुरुवारच असतो, आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने. आमच्याकडे त्या दिवशी टँकर येतात. खाली वॉचमन मामांना फोन केला, "मामा, टाकीत आज कुठलं पाणी?"

"ताई, सकाळपासून टँकरच. दोन ओतले, तिसरा येतोय."

मग ठरवूनच निम्मं पाणी टँकरच्या पाण्याने बदललं. मासे नव्हते तोवर कडक पाण्याचा फायदाच होता: केएच परत येणार, पीएच वर जाणार, बॅक्टेरिया कामाला लागणार.

घरात मात्र वेगळाच पेच. मार्गशीर्ष चालू होता, सासूबाईंचे महालक्ष्मीचे गुरुवार. पाणी बंद म्हणून आदल्या रात्री भरलेल्या पिंपावर त्यांचा पहारा. मी बादली घेऊन उभी दिसल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या माशांना पाणी आणि माझ्या पूजेला नाही?"

"आई, मासे अजून आणलेच नाहीत."

"मग पाणी बदलतेस कोणाचं?"

मला तर टँकरचंच हवं होतं, त्यांच्या पिंपातलं नको होतं. तहाला वेळ लागला नाही. चांगलं पाणी पूजेला, वाईट पाणी टँकला.

संध्याकाळी मोजलं. अमोनिया ४ वरून २ वर, काकांच्या गणिताप्रमाणे. पीएच मात्र ६ वरून ७.४ वर. आता हिशेब करून बघा. आधी ४ पीपीएममध्ये मोकळा अमोनिया होता ०.००२ च्या आसपास, आता २ पीपीएममध्ये ०.०३ च्या आसपास. किटवरचा आकडा निम्मा झाला आणि विष दहापटीहून जास्त वाढलं. इतके दिवस सॉइलवर मजेत फिरणाऱ्या गोगलगायी काचेवरून वर चढल्या आणि पाण्याच्या रेषेच्या वर, सुक्या काचेवर, ओळीने चिकटून बसल्या. त्यांच्याकडे किट नव्हतं. त्या जागी निऑन टेट्रा मासे असते तर त्यांना चढायला काच नव्हती. मी गोगलगायी वेचून एका बरणीत कॉर्पोरेशनच्या पाण्यात ठेवल्या.

एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे. "अमोनिया १ पीपीएम आहे, मासे सोडू का?" असा प्रश्न कोणी विचारला की लोक हो किंवा नाही सांगून मोकळे होतात. पीएच कोणी विचारत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे मऊ पाण्याच्या टँकमध्ये अमोनिया साचलेला असताना मासे बरे दिसतात, मालक निर्धास्त होतो आणि एका गुरुवारी टँकरच्या पाण्याने वॉटर चेंज करतो. मग "पाणी बदललं आणि मासे गेले" म्हणून टँकरवाल्याला शिव्या. टँकरच्या पाण्यात विष नसतं. ते टँकमध्ये आधीच असतं, झोपलेलं.

पीएच चढल्यावर माझ्याकडे अमोनिया ते नायट्रेट हे चक्र खरंच फिरलं. अमोनिया रोज उतरायला लागला आणि नायट्राइट चढायला लागलं. ते इतकं चढलं की किटच्या कार्डावरचा शेवटचा जांभळा रंग संपला आणि पुढे ५ आहे की २० ते कळेना. अशा वेळी पाणी पातळ करून मोजायचं: १ मिली टँकचं पाणी, ४ मिली आरओचं पाणी आणि येईल त्या आकड्याला पाचाने गुणायचं. आधी नुसत्या आरओच्या पाण्याची टेस्ट करून ते शून्य दाखवतं याची खात्री करून घ्या. नायट्रेटच्या टेस्टमध्ये दुसऱ्या बाटलीतला साका तळाशी बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकले तर नायट्रेट नाहीच असं वाटेल. आणि नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ते नायट्राइटसुद्धा त्यात मोजलं जातं.

नायट्राइट खाणाऱ्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. दुकानातल्या कित्येक बाटल्यांवर अजून नायट्रोबॅक्टरचं नाव असतं, जुन्या पुस्तकांतही तेच. १९९८ साली टिमथी होव्हनेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करते. मग २०१५ साली कळलं की नायट्रोस्पिराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्या करतात. शंभराहून अधिक वर्षं दोन कामगारांचं मानलेलं काम एकच कामगार करू शकतो!

बाटलीतल्या बॅक्टेरियांवर माझा फारसा भरवसा नाही. हे जीव बीजाणू करून सुप्तावस्थेत बसणारे नव्हेत आणि आपल्याकडे माल गोदामात, टेम्पोत, दुकानाच्या काचेत उन्हातान्हातून येतो. बाटली उघडेपर्यंत आत कोण जिवंत आहे, देव जाणे. त्यापेक्षा कोथरूडच्या एका मैत्रिणीने तिच्या जुन्या, चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा दिला, तो कामाचा. विरजण शेजारून आणतो तसंच हे. स्पंज तपकिरी, बुळबुळीत आणि ओला हवा, पिशवीत थोडं टँकचंच पाणी आणि भरपूर हवा ठेवायची आणि रस्त्यात कुठे चहाला न थांबता घरी येऊन फिल्टरमध्ये टाकायचा. तिच्या टँकमध्ये रोग नाही ना, तेवढं विचारून घ्यावं. तरीही रातोरात काही होत नाही. हे बॅक्टेरिया अनुकूल परिस्थितीतही दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस घेतात.

कॉर्पोरेशनच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, म्हणून प्रत्येक बादलीत हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून मगच पाणी आत. पाणी बंद राहून पुन्हा सुरू होतं तेव्हा नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वासही मारतो. त्या दिवशी मी बदलतच नाही.

रोपांचं काम किटवर दिसत नाही, पण ते मोठं असतं. बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी आवडतं, कारण नायट्रेट वापरायचं तर त्याचं परत अमोनियम करण्यात ऊर्जा जाते. हे बघायला टँक कशाला हवा? उन्हाळ्याच्या तोंडावर मुळा-मुठेवर किंवा पाषाणच्या तलावावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो, तो मैलापाण्यातल्या याच नायट्रोजनवर पोसलेला. दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती, आपल्या सांडपाण्यावर इतकी खूश की मशीन लावून काढावी लागते. टँकमध्ये मी तीच खोड कामाला लावली. मला शेवटी हवी होती ती हळू वाढणारी क्रिप्टोकोरीन आणि अन्युबियस, पण सुरुवातीला वॉटर विस्टेरिया, हॉर्नवर्ट आणि वर तरंगणारं साल्व्हिनिया भरभरून लावलं. तरंगणाऱ्यांना हवेतला कार्बन डायऑक्साइड फुकट मिळतो, त्यामुळे ते अमोनिया खाण्यात सगळ्यांच्या पुढे. दर आठवड्याला मूठ-मूठ काढून कुंड्यांत टाकायचं. काढलं नाही आणि ते आतच सडलं, तर खाल्लेलं सगळं परत.

क्रिप्टोकोरीन अपेक्षेप्रमाणे मेल्ट झाली. नर्सरीत ती बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असते. पाण्याखाली गेली की जुनी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात आणि मुळाशी नवी फुटतात. रोप उपटायचं नाही, फक्त गळकी पानं बुडाशी कात्रीने कापून काढायची. ती सडली की त्यांचाही अमोनियाच होतो.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले म्हणजे काम झालं असं नाही. सॉइलने अमोनिया सोडायचं थांबवलं आणि उरलेला रोपांनी खाल्ला, तरी शून्यच दिसतो. फिल्टर माशांचा भार पेलेल का, हे बघायला भार टाकून बघावा लागतो. त्यासाठी लागतो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. घराघरांत पितळी भांडी होती तेव्हा कल्हईवाला तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने फासायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. पण बाजारातला नवसागर शुद्ध असेलच असं नाही, म्हणून मी प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली घेतली. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवलं. ५५ लिटरला १ पीपीएम वाढवायला १७३ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे या द्रावणाचे १७ मिली आणि वर थोडं. २ पीपीएमसाठी ३५ मिली सकाळी घातलं, तासाभराने मोजून २ आल्याची खात्री केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बाल्कनीत. अमोनिया पिवळा, म्हणजे शून्य. नायट्राइट मात्र किंचित शिल्लक. आणखी आठवडा थांबले, पुन्हा तेवढाच डोस, आणि या वेळी दोन्ही साफ.

मग मोठा वॉटर चेंज, जवळजवळ पाऊण टँक, कारण नायट्रेट गडद लाल झालं होतं. हा मात्र निव्वळ कॉर्पोरेशनच्या पाण्याने. मामांनी सकाळी पाणी आल्याआल्या फोन केला, तोवर त्यांनाही यात गोडी वाटू लागली होती. "ताई, घ्या भरून, आज एकदम प्युअर!" पिंप भरलं, हायपो टाकला, तापमान जुळवलं. दोन दिवसांनी टँकचं पाणी पीएच ६.६ वर स्थिरावलं आणि एम्बर टेट्रांची छोटी तुकडी आत गेली. बाकीचे नंतर, थोडे थोडे, कारण बॅक्टेरिया जेवढं खायला मिळतं तेवढेच वाढतात. गोगलगायी बरणीतून परत आल्या. त्यांच्या पिल्लावळीचं काय करायचं हा निराळाच विषय आहे.

आता अमोनिया रोज मोजत नाही. पण टँकरचं पाणी घालावं लागणार असेल तर आधी टँकचा अमोनिया बघते. शून्य असेल तरच घालते, तेही एका वेळी एक बादली, कारण पीएच आणि क्षार एकदम बदललेले माशांना तसेही सोसत नाहीत. अमोनिया थोडाही दिसला तर पाणी न बदलता माशांचं खाणं बंद करते आणि शुक्रवारपर्यंत थांबते. मऊ पाण्यात तेवढी सवलत मिळते.

गुरुवारची दुसरी भानगड विजेची. देखभालीसाठी लाइट जाते तीही बरेचदा त्याच दिवशी. बंद पडलेल्या कॅनिस्टर, म्हणजे डब्याच्या, फिल्टरमध्ये पाणी साचून राहिलं की आतल्या बॅक्टेरियांचा ऑक्सिजन काही तासांत संपतो, ते मरायला लागतात आणि लाइट आल्यावर ते घाण पाणी थेट टँकमध्ये फेकलं जातं. म्हणून लाइट लांबणार असं कळलं की मी फिल्टरमधले स्पंज काढून टँकमध्येच बुडवून ठेवते, बॅटरीवरचा एअर पंप लावते आणि नंतर कॅनिस्टरमधलं साचलेलं पाणी मोरीत ओतून मगच तो चालू करते.